प्रश्न क्रमांक सात आणि कल्लाप्पा मामांची मांडी

हेब्बाळ, बेंगळुरू
मंगळवार

तीर्थरूप कल्लाप्पा मामांना दत्ताचा दोन्ही गुडघे जमिनीला टेकवून नमस्कार (माझे अजून टेकतात, आणि तुमचेही टेकतात हे मला कळलेलं आहे, पण त्याकडे मागाहून येतो).

इकडे आम्ही सगळे ठीक. स्मिताला ऑफिसातून अजून घरूनच काम आहे, त्यामुळे आमच्या घरात दिवसभर कुजबुजत बोलायची पद्धत पडली आहे. तुमची तब्येत कशी आहे? मामींचं बीपी? म्हैस व्याली का? तुमच्या बदललेल्या गुडघ्यांबद्दल मुद्दामच विचारत नाही. ते विचारलं की तुम्ही मला भाचा समजायचं सोडता आणि हॉस्पिटल समजू लागता.

फोन करायचा सोडून हा पोरगा पत्र कसलं लिहीत बसलाय, असं तुम्ही म्हणाल. मामा, दोन महिन्यांत मी तुम्हाला सव्वीस फोन केले. हॉस्पिटलचा नंबर दिसला की तुम्ही कट करता. माझ्या स्वतःच्या नंबरवरून केला तर मामी उचलतात, तुम्ही मळ्यात गेलाय म्हणून सांगतात आणि त्यांच्या मागून तुमच्या खोकल्याचा आवाज येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर सविस्तर लिहिलं तर उत्तरादाखल दोन जोडलेले हात येतात. शेवटी म्हटलं, पोस्टाने आलेला कागद मामा वाचल्याशिवाय ठेवत नाहीत. विजेचं बिलसुद्धा तुम्ही मोठ्याने दोनदा वाचता.

तर मुद्द्याची गोष्ट. (मुद्दा आईच्या ऑपरेशनचा आहे हे तुम्ही ओळखलं असेलच. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा फक्त डावा गुडघा दुखायचा. आता दोन्ही गेलेत, आणि ऑपरेशनला ती नाही म्हणते. का नाही म्हणते, ते सांगण्यासाठी मला आधी माझ्या नोकरीबद्दल सांगावं लागेल, आणि मग तुमच्याबद्दल.)

लग्नाकार्यात तुम्ही लोकांना सांगता की दत्ता मोठ्या हॉस्पिटलात गुडघे मोजतो. ते फारसं चूक नाही. आमच्याकडे ज्याचा ज्याचा गुडघा बदलला त्याची नोंद होते, त्या सगळ्या नोंदींना रजिस्ट्री म्हणतात. वय, वजन, डावा की उजवा, कोणत्या बनावटीचा सांधा बसवला, कोणी बसवला, नंतर कोणते व्यायाम दिले. मग सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने फोन करून बारा प्रश्न विचारायचे. एकट्या माणसाच्या उत्तराने काही ठरत नाही, पण हजार माणसांची उत्तरं एकत्र मांडली की कोणत्या उपचाराचा खरंच गुण आला आणि कोणत्याचा नुसता गाजावाजा होता, ते दिसतं. फोन करायचं काम माझ्याकडे, कारण मला मराठी आणि कन्नड दोन्ही येतं आणि माझ्या आवाजात घरगुतीपणा आहे (हे साहेबांचे शब्द, स्मिताचं मत वेगळं आहे). बारापैकी अकरा प्रश्न गरीब आहेत. दुखतं का, जिना चढता का, झोप लागते का. आमचा सगळा घोळ झाला तो सातव्यात. सातवा प्रश्न असा: तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसू शकता का?

हा प्रश्न मुळात रंजितासाठी घातलेला. रंजिता म्हणजे तळघरात व्यायाम घेणारी आमची फिजिओथेरपिस्ट, तुम्ही जिला 'मांडीवाल्या बाई' म्हणता ती. ज्यांचा गुडघा पुरेसा वाकतो अशांना ती तीन महिन्यांनंतर, मोठ्या डॉक्टरांच्या परवानगीने, जमिनीवर कसं बसायचं आणि कुणाचा हात न धरता कसं उठायचं ते शिकवते. तीन दिवसांचा वर्ग. तुम्ही तर गावातली दहा माणसं टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये घालून आणली होतीत आणि स्वतः अकरावे बसला होतात. तर या वर्गाचा उपयोग होतो का, हे रजिस्ट्रीतून बघायचं ठरलं. वर्षाची उत्तरं काढली. वर्गाला गेलेल्यांपैकी शंभरात नऊ जण जमिनीवर बसू शकतात, आणि न गेलेल्यांपैकी आठ. म्हणजे तीन दिवस घाम गाळून माणसाच्या पदरात काय पडतं, तर काही नाही. रंजिता बिचारी वर्ग घेत राहिली, पण तिच्या चटया गुंडाळून तळघरात जुन्या व्हीलचेअर ठेवायचं बोलणं सुरू झालं.

आणि इथे मी शहाणपणा केला. या आकड्यांचं नव्या पेशंटना वाचायला एक पत्रक छापलं होतं, मराठी मजकूर माझाच. पहिल्यांदाच माझं काहीतरी छापून आलेलं, म्हणून कौतुकाने घरी नेलं आणि आईच्या हातात दिलं. वास्तविक तेव्हा ती ऑपरेशनला जवळजवळ तयार झाली होती. तिने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, 'शंभरात नऊ' वर बोट ठेवलं आणि विचारलं, मग मी वाकळ कशी शिवायची? मामा, तुम्हाला माहीत आहे, जुन्या लुगड्यांची वाकळ जमिनीवर अंथरून, तिच्यावर बसूनच शिवावी लागते. तिने पत्रक नीट घडी घालून माझ्याकडे परत दिलं आणि ऑपरेशन नको म्हणाली. आपल्याच पोराने छापलेल्या कागदावर विश्वास ठेवणारी ती जगातली एकटीच बाई असेल, आणि तिनेच तो मनावर घेतला.

तिची अवस्था तुम्हाला पत्रातून कळणार नाही. घरात ती प्लास्टिकची खुर्ची पुढे ढकलत फिरते. खोलीतून बाथरूमपर्यंत सात वेळा थांबते. मी मोजलंय, आमच्या धंद्यात मोजायची खोड लागते. खालच्या मजल्यावरच्या रघुनंदन आजोबांना फरशीवर ओढणाऱ्या खुर्चीचा त्रास व्हायला लागला. ते वर येऊन अगदी नम्रपणे 'अम्मा, स्वल्प हळू' एवढंच म्हणाले. ते गेल्यावर आईने माझे जुने मोजे खुर्चीच्या चारी पायांना चढवले. आता खुर्ची आवाज करत नाही. मला त्या आवाज न करणाऱ्या खुर्चीचाच जास्त त्रास होतो. आई कुठे आहे ते कळत नाही आणि मी काम सोडून बघायला उठतो.

आता संहिताबद्दल. ही आमची आकडेवाली, पुण्याची, अठ्ठावीस वर्षांची. आकड्यांशी ती सुनेने सासूशी वागावं तशी वागते: मान देते, पण विश्वास ठेवत नाही. पत्रक छापून झाल्यावर महिन्याभराने तिने मला बोलावलं आणि म्हणाली, "दत्ता सर, हे फनी आहे. या माणसाचा नी एकशेतीस डिग्री बेंड होतो, तरी त्याला बसता येत नाही. आणि ज्याचा पंच्याण्णवच होतो त्यालाही नाही. दोघं सेम कसे? कुणीतरी खोटं बोलतंय, आणि डिग्री खोटं बोलत नाहीत." मी म्हटलं, आपली माणसं कशाला खोटं बोलतील. (हे मी मनापासून म्हणालो. तुमच्या घरी वाढलेला माणूस असंच म्हणणार.) ती म्हणाली, वीस जणांच्या घरी जाऊन या.

पहिलं घर देवाप्पांचं, इथल्याच पीण्या भागात. (पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं, पण देवाप्पांनीच मला 'कल्लाप्पा अण्णांना कळवा' म्हणून सांगितलं आहे, आणि तुम्ही तर वर्गात त्यांच्या शेजारच्या चटईवर होतात.) माझी चूक ही झाली, की सभ्य माणसासारखा आधी फोन करून गेलो. गेलो तर देवाप्पा खोलीच्या मधोमध एका नव्या कोऱ्या खुर्चीवर ताठ बसलेले. इतकी नवी, की पाठीवरचा प्लास्टिकचा कागद तसाच. त्यांच्या पायाशी जमिनीवर पाट, पाटासमोर अर्धं खाल्लेलं ताट, ताटात भाकरीचा चतकोर आणि शेंगाचटणी. बायको आणि सून भिंतीला टेकून उभ्या, जणू मी मुलगी बघायला आलोय. मी सातवा प्रश्न विचारला. देवाप्पांनी कानाला हात लावला. म्हणाले, "छे छे सर. नेलद मेले, खाली जमिनीवर, नाही. ऑपरेशन झाल्यापासून जमीन आम्ही फक्त बघतो." मी ताटाकडे बघितलं. त्यांची बायको म्हणाली, ते मांजराचं आहे.

मी लिहून घेतलं, बरं म्हटलं आणि निघणार, तेवढ्यात शेजारच्या खोलीत त्यांचं लेथ मशीन चालू होतं त्याचा आवाज बदलला. मला काही कळला नाही, पण देवाप्पांनी आयुष्यभर त्या मशीनवर काम केलेलं. बाळाचं रडणं आईला कळावं तसा त्यांना तो कळला. ते उठले, तरातरा आत गेले आणि मशीनच्या बुडाशी, लोखंडाच्या भुग्यात, सरळ खाली बसले. आधी उकिडवे, मग मांडी. खाली वाकून पट्टा बघितला, कामगाराला कन्नडमध्ये चार शब्द सुनावले, मला खालूनच बेअरिंग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. हे सगळं दहा मिनिटं चाललं. मग एका हाताचा आधार घेऊन, रंजिताने शिकवल्याप्रमाणे एक गुडघा पुढे घेऊन, झकास उठले. उठल्यावर त्यांना आठवलं मी कोण ते. तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "सर, हे लिहू नका."

मी त्यांना चहा मागितला. चहा घेताना विचारलं, का हो? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते माझ्या सात वर्षांच्या नोकरीत मला कुणी सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी बोट नाचवून बजावलेलं असतं, जमिनीवर बसायचं नाही. पुढे रंजिताला परवानगी तेच डॉक्टर देतात, पण माणसाच्या डोक्यात ते पहिलं बोटच राहतं. आणि मग वर्षाने त्याच हॉस्पिटलातून फोन येतो, जमिनीवर बसता येतं का? देवाप्पा म्हणाले, "सिग्नल तोडता येतो का असं ट्रॅफिक पोलिसानं विचारलं, तर हो म्हणेल का कोणी?" मामा, मी सात वर्षं लोकांना त्यांची ताकद विचारत होतो, आणि लोक मला त्यांच्या चांगल्या वागणुकीचं उत्तर देत होते. ज्यांना सगळ्यात चांगलं बसता येतं, ते सगळ्यात घाईने नाही म्हणत होते.

आणि मग देवाप्पा म्हणाले, शिवाय कल्लाप्पा अण्णांनी सांगितलं होतं ना.

मी कप खाली ठेवला. काय सांगितलं होतं? तर, वर्गाच्या शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सगळ्यांना गोळा करून समजावलंत, की तुम्ही चिकोडीत बत्तीस वर्षं मोटार-पंप विकलेत आणि गॅरंटीतलं तुम्हाला सगळं कळतं. पंप घरी उघडला असं गिऱ्हाइकाने एकदा कबूल केलं की कंपनी हात वर करते. सांध्याचंही तेच. बसा खुशाल, पण 'बसतो' म्हणालात की गॅरंटी गेली. मामा, गुडघ्याला तसलं गॅरंटी कार्ड नसतं. मी ज्याचा भाचा म्हणून मिरवतो, ज्याच्या शब्दाला सहा गावांत मान आहे, त्या माणसाने एका जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या रजिस्ट्रीचं पाणी पाणी केलं.

मी संहिताला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती पेन्सिल चावत म्हणाली, चूक त्यांची नाही, प्रश्नाची आहे. मग आम्ही प्रश्न बदलला. बसू शकता का, हे विचारायचंच नाही. नुसतं विचारायचं, काल जेवायला कुठे बसला होतात? आणि त्याआधी सांगायचं, की तुमचं उत्तर कुठलंही असलं तरी तुमचा उपचार बदलणार नाही. पुन्हा सगळ्यांना फोन केले. माणसं मोकळी झाली, मामा. एक आजी म्हणाल्या, जात्याजवळ. एक मास्तर म्हणाले, देवळात, पंगतीत, तिसऱ्या रांगेत. वर्गाला गेलेल्यांचे नवाचे चौसष्ट झाले, न गेलेल्यांचे आठाचे एकतीस. रंजिताच्या चटया पुन्हा अंथरल्या गेल्या. ती त्या दिवशी डबा न खाता नुसती हसत होती.

चौसष्टच्या वरही गेले असते. पण आपल्या गावचे अकरा जण अजून अडलेत. अकराही जण, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या फोनवरून, एकच वाक्य बोलतात: डॉक्टरसाहेबांच्या कृपेने खुर्चीवरच बसतो, जमिनीकडे बघतसुद्धा नाही. संहिता म्हणते, हजारो उत्तरांत तिने असं एकमत कधी बघितलेलं नाही. दहा जणांनी फोन उचलून ते म्हटलं. अकराव्यांचं वाक्य मामींनी म्हटलं, कारण ते मळ्यात गेले होते.

तेव्हा एवढंच, की मोठ्या माणसाचा शब्द लांबवर जातो, हे लक्षात असू द्यावं. रागावला असलात तर क्षमा असावी. मामींना नमस्कार, म्हैस व्याली असेल तर रेडकाला गोंजारणं.

आपला आज्ञेबाहेर कधी न गेलेला,
दत्ता

ता. क. : त्या दहा जणांना बोलावून मोकळं करा. सांगा, की गॅरंटी बिरंटी काही नाही, खरं सांगितल्याने कुणाचा गुडघा काढून घेत नाहीत. आणि तुमचं नाही म्हणणं मी मान्य करणार नाही. सदलग्याच्या लग्नाचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. एक तास चौदा मिनिटांवर तुम्ही पंगतीत झकास मांडी घालून बसलाय आणि जिलबी वाढणाऱ्याला परत बोलावताय.

ता. क. दुसरा : खरं काम हे आहे. नवे आकडे मी आईला दाखवले. ती म्हणाली, आधी नऊ म्हणालास, आता चौसष्ट म्हणतोस, पुढच्या महिन्यात आणखी काही म्हणशील. माझ्या छापील कागदावरचा तिचा विश्वास उडाला आहे, आणि मी तिला दोष देत नाही. पण तुमच्यावर तिचा आहे. तेव्हा तुम्ही इथे या. काही बोलू नका, समजावू नका. तिच्या समोर जमिनीवर बसा, चहा प्या आणि कुणाचा हात न धरता उठा. तेवढं बघितलं की ती तयार होईल, आणि वाकळीचा प्रश्नच मिटेल. मी तारीख पुढल्या महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारची तात्पुरती धरून ठेवली आहे. मला तिला असं खुर्ची ढकलताना बघवत नाही, मामा.

*

अण्णा, मी विठा लिहितेय. दत्ताने पाकीट डकवायला माझ्याकडे दिलं. उघडं होतं, वाचलं.

तू बसतोस हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. वहिनीने सांगितलं. वाकळीचं मनावर घेऊ नकोस. नको म्हणायला काहीतरी कारण हवं म्हणून सांगितलं, ह्याने लगेच खरं धरलं. दोन वर्षं झाली मी वाकळ शिवलेली नाही. डोळ्यांना दोरा दिसत नाही. घरात सुई नाही हे ह्याच्या लक्षात आलेलं नाही. चांगला मुलगा आहे, पण विचारलं की लिहून घेतो.

ह्याच्या वडिलांच्या ऑपरेशनला कागदावर नातेवाईक म्हणून सही मी केली. तू गावात होतास, दत्ता दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. लहानसं आहे म्हणाले, तासाभरात बाहेर येतील म्हणाले, आणि ते आलेच नाहीत. मला कुणी बोललं नाही. तूही नाही. पण मी रोज ती सही करते. माझ्या कागदावर खाली नातेवाईकाची जागा असणार, आणि तिथे दत्ता करणार. माझं काही बरं-वाईट झालं तर तो जन्मभर करत बसेल.

म्हणून त्या सोमवारी तू ये. मांडी घालून दाखवू नकोस. सही तू कर.